ते अक्षर तिचं नव्हतं

कुंदाताई,

तुमच्या शोकसभेत सहा जण बोलले आणि सहाही जण वह्यांबद्दल बोलले. तुमच्या शाळेतली वही कशी असायची, अक्षर कसं एका वळणाचं, समास कसा सरळ. एका सरांना तर मोती सोडून दुसरा शब्दच सापडेना. केंद्रशाळेचा तोच हॉल, त्याच निळ्या खुर्च्या, समोर हार घातलेला तुमचा फोटो. सातवं नाव माझं पुकारलं गेलं. अकरा वर्षं एका शाळेत काढलेली सहकारी म्हणून. मी उठले, "ताईंबद्दल मी काय बोलू" एवढं म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, मला रडू फुटलं. शेजारच्या मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

रडू आलंच होतं. पण मी बसले ती त्याच्यामुळे नाही. त्या हॉलमध्ये खरं न बोलण्याची माझी ही दुसरी वेळ होती, म्हणून बसले.

तुम्हाला आता पत्र लिहिण्यात अर्थ नाही हे मला कळतं. तुम्ही असताना तीन वर्षं आपण पोषण आहार आणि हजेरी सोडून एक वाक्य बोललो नाही. तरी लिहिते. तारीख टाकलेली नाही आणि समासही सोडलेला नाही, तेवढं चालवून घ्या.

मला अजून आपला पहिला महिना आठवतो. दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी तुमच्याकडे, मुख्याध्यापकाचा कारभारही तुमच्याकडे. मी नवीन होते, मोहाडीत खोली घेतली होती, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "बसच्या भरोशावर नको राहू माधुरी. थे बस कवा येईल त्याचा नेम नाही. माह्या गाडीवर बसत जा." मग आठ वर्षं मी तुमच्या स्कूटीवर मागे बसले. पंधरा किलोमीटर जाणं, पंधरा येणं. वाऱ्यात ओरडून बोलायची सवय आपल्याला तिथंच लागली. भांडणंही तिथंच झाली.

शाळेत पोचलं की तुमचा पहिला हुकूम हात धुण्याचा. पोरं हातपंपावर रांग लावायची. हात धुऊन, पुसून, तळवे तुम्हाला दाखवूनच वहीला हात लावायचा. मग तारीख उजव्या कोपऱ्यात, तिच्याखाली वार. डावीकडे चार बोटांचा समास, पट्टीनं आखलेला. शीर्षक मधोमध, त्याखाली एक रेघ, दोन नाही. शब्द पूर्ण झाल्याशिवाय शिरोरेघ द्यायची नाही, आणि दिली की एका दमात. चौकटीच्या वहीत एका घरात एकच अंक. पानावर दोनपेक्षा जास्त खाडाखोड दिसली की पान पुन्हा. हे सगळं तुम्ही पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं होतं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्या माझ्या पहिलीच्या पोरांनाही ते पाठ होतं.

मी तुमच्यावर हसायची. तुम्हाला माहीत होतं. एकदा डबा खाताना तुम्ही मला तुमच्या बाबांची गोष्ट सांगितलीत. ते कुठल्याशा कचेरीत अर्ज घेऊन गेले होते. तुम्ही सोबत होतात, तिसरीत असाल. बाबांनी अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला होता. बाबूनं तो सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "हे काय कोंबडी चालून गेली का कागदावर?" सगळे हसले. बाबाही हसले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी आले. पुन्हा त्या कामासाठी ते गेले नाहीत.

"गरिबाच्या पोराचं अक्षर पाहून लोकं त्याले खुर्ची देतेत," तुम्ही म्हणालात. "नाही त उभंच ठेवतेत."

त्या दिवसानंतर मी हसणं बंद केलं. तुमच्याशी भांडणं मात्र बंद केलं नाही. "ताई, अक्षर नंतर येईल हो, आधी त्यांना मनातलं लिहू तर द्या," असं मी मागून ओरडायची, आणि तुम्ही मान न वळवता म्हणायचा, "नंतर काही येत नाही माधुरी. नंतर फक्त कामं येतेत."

मला डेंग्यू झाला त्या वर्षी तुम्ही महिनाभर चारही वर्ग एकटीनं सांभाळले. रोज शाळा सुटल्यावर घरी येऊन तांदळाची पेज ठेवून जायचा. मी परत रुजू झाले तर माझ्या टेबलावर माझी टाचणवही पूर्ण लिहिलेली. एकेका तासाचं टाचण, महिनाभराचं, आणि तेही माझ्या अक्षरात. माझं ते उजवीकडे पडणारं, शिरोरेघ अर्धवट सोडणारं अक्षर तुम्ही हुबेहूब काढलं होतं. "तपासणी आली असती त तुह्या नावानं कोरी वही दाखवली असती का?" असं म्हणून तुम्ही डोळे मिचकावलेत. आपण दोघी केवढ्या हसलो.

ते मी इथं मुद्दाम लिहिते आहे. कारण पुढं जे झालं ते तुमच्या एकटीचं होतं असं मला कधी वाटलं, की ती टाचणवही मला आठवते. दुसऱ्याच्या नावावर दुसऱ्याचं अक्षर चालतं, हे मी त्या दिवशी हसून मान्य केलं होतं.

आपल्या आठव्या वर्षी त्रिवेणी तुमच्या चौथीत होती. धानाच्या रोवण्याच्या, भातलावणीच्या दिवसांत ती पंधरा दिवस शाळेत आली नव्हती, आईसोबत बांधीत, शेतातल्या चिखलात होती. आल्यावर तुम्ही तिला 'माझी आई' हा निबंध लिहायला बसवलंत. तिनं लिहिला. त्या पानावर बोटांचे चिखलाचे ठसे होते, समास मधूनच वाकडा झाला होता, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. तुम्ही लाल शाईनं खाली लिहिलंत: 'अशुद्ध व अस्वच्छ. पुन्हा लिहिणे.'

दुपारच्या सुट्टीत मी ते पान वाचलं. मला ते अजून जवळजवळ पाठ आहे. 'माही माय रोवन्याले जाते. वाकून वाकून तिची कंबर रातभर दुखते. तिच्या पायाले चिखल्या होतेत. बोटाच्या मंधात लाल होते. मी तिले तेल लावून देते म्हंते त थे म्हंते तुहे हात खराब होतीन, तुले लिवा लागते.'

मी वही तुमच्यासमोर धरली आणि म्हणाले, "ताई, आपल्या शाळेत इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलं नाही."

तुम्ही पुन्हा वाचलंत. या वेळी हातात लाल पेन नव्हतं. शेवटच्या ओळीवर तुम्ही थांबलात, हे मी पाहिलं. मग वही मिटून म्हणालात, "चांगलं आहे. पण हे साहेबाले दाखवता येते का?"

त्यानंतर महिन्याभरात केंद्राचं वह्यांचं प्रदर्शन आलं. प्रत्येक शाळेनं चौथीच्या पाच वह्या पाठवायच्या होत्या आणि आपल्या चौथीत पोरंच पाच होती. चार वह्या तयार होत्या. पाचवी त्रिवेणीची. तुम्ही नवी कोरी वही काढलीत, वर त्रिवेणीचं नाव घातलंत आणि लिहायला प्राचीला बसवलंत, कारण वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर प्राचीचं. चार दिवस ती व्हरांड्यात बसून लिहीत होती. निबंधही दुसरा होता. 'माझी आई मला खूप आवडते. ती पहाटे लवकर उठते. ती प्रेमाची मूर्ती आहे.' आणि शेजारी त्रिवेणीला तुम्ही बसवलं होतंत, पानांवर समास आखून द्यायला.

परतताना मी गाडीवर विचारलं, "ताई, हे बरं दिसतं का?"

"प्रदर्शन वह्यांचं आहे माधुरी, पोरीचं नाही."

"पण नाव पोरीचं आहे."

तुम्ही गाडी थांबवलीत. कालव्याच्या पुलावर. आठ वर्षांत भांडणापायी तुम्ही पहिल्यांदाच गाडी थांबवली. "तिची थे वही मी तिथं ठेवली त काय होईल? सगळे वाचतीन आन् हसतीन. मले पोरीचं हसं नाही करून घ्याचं. तुले काय वाटते, मी शाळेसाठी करून राहिली?"

मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं की तुम्ही तुमच्या बाबांना त्या कचेरीतून वाचवायला निघाल्या आहात. आणि आता कळतं आहे तर त्याचा राग जास्तच येतो. तुमच्या बाबांचा अर्ज त्यांचा स्वतःचा होता, ताई. वाईट अक्षरात का होईना, त्यांचा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी केंद्रशाळेच्या त्याच हॉलमध्ये पाहुण्या साहेबांनी तीच वही उचलली. पानं उलटली, दोनदा 'वा' म्हणाले आणि माईकवर नाव पुकारलं. त्रिवेणी मंचावर गेली. नवा फ्रॉक होता तिला, तुम्हीच दिलेला. साहेब माणूस चांगला होता. तिच्या हातात खडू देऊन म्हणाले, "बेटा, याच सुंदर अक्षरात फळ्यावर 'माझी आई' लिही, म्हणजे सगळ्यांना पाहता येईल."

तिनं लिहिलं. पाठमोरी होती तरी तिचे खांदे वर गेलेले मला दिसत होते. 'झ'चं पोट फुगलं, 'आई'ची शिरोरेघ खाली उतरली. मागच्या रांगांत हसू फुटलं, मग पुढच्याही. साहेबांनी वही पाहिली, फळा पाहिला. "ही वही तुझीच ना?"

"नाव माहं आहे," त्रिवेणी म्हणाली. माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "अक्षर माहं नोहोय."

साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उभ्या राहिलात आणि तुमच्या त्या शुद्ध, स्वच्छ मराठीत म्हणालात, "सर, मुलगी घाबरली आहे. गर्दी पाहून काहीही बोलते आहे."

त्रिवेणीनं तुमच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होते. व्हरांड्यातले ते चार दिवस मी रोज तिच्या शेजारून गेले होते, हे तिला माहीत होतं. मी मान खाली घातली आणि मांडीवरच्या कार्यक्रमपत्रिका सारख्या करत बसले.

"खोटं बोलायचं नाही, बाळ," साहेब म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बक्षीस पुढच्या वहीला गेलं. ती वही प्राचीची. एकाच हाताच्या दोन वह्या त्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या आणि पन्नास शिक्षकांत एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. सगळ्यांना अक्षर सुंदर दिसलं, तेवढंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्रिवेणीची आई शाळेत आली. तिच्या कानावर गावातून सगळं गेलं होतं. तुम्ही तिला खुर्ची दिलीत, ती बसली नाही. "पोरीले जरा समजवा," तुम्ही म्हणालात, "मोठ्या माणसांसमोर असं बोलू नये." तिनं व्हरांड्यात जाऊन त्रिवेणीच्या थोबाडीत दिली. आपल्या दोघींसमोर. त्रिवेणी रडली नाही. तुम्ही आत वळलात आणि फळा पुसायला लागलात. फळा कोराच होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी म्हणाले, "ताई, मी बसनं जाते." तुम्ही कारण विचारलं नाही. मग मी रोजच बसनं जात राहिले.

गावात 'लबाड पोट्टी' हे नाव तिला चिकटलं ते चिकटलं. वर्षाच्या शेवटापर्यंत ती रोज वही द्यायची. उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली वार, सरळ समास, मधोमध शीर्षक, त्याखाली पट्टीची एक रेघ. आणि पुढं काही नाही. पान कोरं. तुम्ही ती वही उघडायचा, पाहायचा, मिटायचा. लाल पेन काढत नव्हता. एकदा बराच वेळ उघडी धरून बसला होतात. मी दारात उभी होते. तेव्हा मी आत आले असते तर तुम्ही काही बोलला असता का? मी आले नाही. माझा राग मला फार आवडायला लागला होता, ताई. तुमच्यावर रागावून राहिलं की माझी तिसरी रांग मला आठवत नसे.

पाचवीपासून ती शेजारच्या गावच्या शाळेत जाते. रोज सकाळी आपल्या शाळेसमोरून सायकलवर. तीन वर्षांत एकदाही तिनं मान वळवली नाही. तुम्ही मात्र त्या वेळेला फाटकाशी असायचा, हे मी पाहिलं आहे.

तुम्हाला झटका आल्याचं कळलं तेव्हा मी भंडाऱ्याला दवाखान्यात आले. वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. मला पाहून तुम्ही काहीतरी सांगायला लागलात. घशातून नुसता आवाज येत होता. तुमच्या वहिनींनी तुमच्या डाव्या हातात पेन दिलं, खाली कागद धरला. तुम्ही पेन टेकवलं. एक वाकडी रेघ उमटली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि पेन बाजूला सारलंत. वहिनींनी पुन्हा दिलं, तुम्ही पुन्हा सारलंत आणि तोंड भिंतीकडे वळवलंत.

दोन शब्द वाकडे लिहिले असते तर काय झालं असतं, ताई? मी वाचले असते. पहिलीच्या पोरांची अक्षरं वाचण्यात माझं आयुष्य चाललंय. मी काहीही वाचलं असतं. तुम्ही 'माधुरी' लिहिणार होता की 'त्रिवेणी', की नुसतं पाणी मागणार होता, हे मला आता कधी कळणार नाही. यासाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही. बाकीच्यासाठी कदाचित केलं असतं.

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

शोकसभा शुक्रवारी झाली. रविवारी मी त्रिवेणीच्या घरी गेले. मायलेकी अंगणात लाखोळीची भाजी खुडत बसल्या होत्या. आईनं लगबगीनं बाज टाकली, "बसा मॅडम," म्हणाली. तुमच्याबद्दल हळहळली. "कडक होत्या, पण पोरायचं केलं त्याईनं."

मी त्रिवेणीकडे वळले. वाटेत मनात जुळवलेलं सगळं विसरले. म्हणाले, "त्या दिवशी हॉलमध्ये तू खरं बोलली होतीस."

तिचे हात भाजीतच होते. "मले मालूम आहे मॅडम," ती म्हणाली. मग मान वर न करता, "तुमाले बी मालूम होतं."

"असं बोलते का मॅडमले?" आई तिच्यावर ओरडली. मग माझ्याकडे पाहून ती थांबली. माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. ती हळूच खाली बसली. तीन वर्षांपूर्वी ज्या हातानं मारलं तो हात तिनं दुसऱ्या हातात धरला. "म्हंजे मी हिले उगाच मारलं?"

त्रिवेणी भाजी खुडत राहिली. मग तीच म्हणाली, "आमाले घरी येऊन सांगून काय होते, मॅडम? लबाड त गावानं म्हटलं. गावाले सांगा."

सोमवारी मी पालकांना शाळेत सकाळच्या परिपाठाला बोलावलं. चाळीसेक माणसं आली. तुम्हाला श्रद्धांजली असेल असं त्यांना वाटलं. मी तुमच्या पुठ्ठ्याखाली उभी राहून सगळं सांगितलं, व्हरांड्यातल्या चार दिवसांपासून तिसऱ्या रांगेपर्यंत. प्राचीची आई खाली पाहत होती. एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं, "मंग आता काहून सांगून राहिल्या, बाई? थे गेल्यावर?"

"भीत होते," मी म्हणाले.

"कोनाले?"

ते मला सांगता आलं नाही. साहेबांना, नोकरीला, की तुम्हाला. सगळ्यांत जास्त तुम्हालाच, असं मला वाटतं. तुम्हाला गमावू नये म्हणून मी गप्प बसले, आणि मग मीच तुम्हाला सोडून दिलं.

त्रिवेणी आली नव्हती. तिची शाळा होती. आई आली होती, ती शेवटपर्यंत उभी राहिली आणि मग कामावर गेली.

दुपारी तुमच्या भावाचा फोन आला. एवढ्यात बातमी मोहाडीत तुमच्या घरी पोचली होती. ते रडत होते आणि संतापले होते. "अजून तेरवी नाही झाली, मॅडम. जिनं तुमचेही वर्ग सांभाळले, पेज नेऊन दिली, तिची तुम्ही गावभर बदनामी करता?"

मी त्यांना म्हणाले, "भाऊ, ताईंची नाही केली. आम्हा दोघींची केली."

त्यांनी फोन ठेवला. 'आम्ही दोघी' हे तीन वर्षांत मी एकदाही म्हटलं नव्हतं, ताई. म्हटलं, ते असं.